छोट्या प्रेस्बिटेरियन मंडळीत नव्यानं येताय? आम्ही काय मानतो आणि आमचा कारभार कसा चालतो

प्रेस्बिटेरियन मंडळीत नव्यानं येऊ लागलेला माणूस लवकरच एक प्रश्न विचारतो: इथले मुख्य कोण? पाळक पुढे उभे राहून उपदेश करतात, तेव्हा उत्तर तेच असणार असं त्यानं धरलेलं असतं. प्रत्यक्षात पाळकांनी एकट्यानं ठरवायच्या गोष्टी थोड्या असतात. त्या रविवारी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, कोणता भाग घ्यायचा, कोणती गीतं म्हणायची, असं काही त्यांच्या हातात असतं. सभासद म्हणून कुणाला घ्यायचं, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) कधी ठेवायचं, कुणाचं वागणं मंडळीला लाज आणणारं ठरलं तर काय करायचं, हे सगळं वडिलांच्या, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या पुढाऱ्यांच्या, बैठकीत ठरतं. पाळक त्या बैठकीचे अध्यक्ष असतात, पण निर्णय बैठकीचा असतो. आणि या बैठकीलाही जाब विचारणारी सभा तिच्या वर असते.

हा कारभार सोयीसाठी बसवलेला नाही, तो आमच्या विश्वासातूनच आला आहे. देव एकटा सार्वभौम आहे, आणि माणूस कितीही भला असला तरी पापाच्या ओढीतून पुरता सुटलेला नाही. या दोन गोष्टी मनापासून मानल्या की मंडळीची सूत्रं एका माणसाच्या हाती सोपवता येत नाहीत. प्रेस्बिटेरियन असणं म्हणजे काय, याचं माझ्या मते सगळ्यात थोडक्यात उत्तर हेच. नाव बोजड वाटलं तरी त्याचा अर्थ साधा आहे: वडिलांनी मिळून सांभाळलेली मंडळी.

आम्ही काय मानतो

आधी सगळ्या ख्रिस्ती लोकांना समान असलेल्या गोष्टी. देव एक आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्य आहे. येशू ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस. तो आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला आणि तो पुन्हा येणार आहे. उपासनेत प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हटला जातो, त्यात याचा गाभा आलाय. इथपर्यंत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, मेथडिस्ट यांच्याशी आमचा वाद नाही. हे आवर्जून सांगतो, कारण ओळखीचं नसलेलं नाव ऐकून हा काही निराळाच पंथ असावा असं लोकांना वाटतं.

आमची वेगळी वाट सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेतून निघाली. जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला. पुढच्या पिढीत जॉन कॅल्व्हिन या फ्रेंच विद्वानानं जिनिव्हा शहरात त्या सुधारणेला विचारांची आणि शिस्तीची घडी घालून दिली. आम्ही या कॅल्व्हिनच्या परंपरेतले. तिचा पहिला आग्रह असा की मंडळीत शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा. परंपरेला मान आहे, जुन्या आचार्यांनाही आहे, पण त्या सगळ्यांची पारख शास्त्रावर होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांचं कौतुक आहे, कारण साक्षात पौलानं सांगितलेलंसुद्धा ते रोज शास्त्रात ताडून पाहत होते. आमच्याकडे उपदेश चालू असताना लोक मांडीवर शास्त्र उघडून बसलेले दिसतील ते यासाठीच. त्यात पाळकांचा अनादर नाही. उलट ऐकणाऱ्यानं ताडून पाहावं अशी पाळकांचीच इच्छा असते.

दुसरा आग्रह कृपेचा. माणूस स्वतःच्या पुण्याईनं देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्तानं जे केलं, ते विश्वासानं स्वीकारलं की देव त्याला नीतिमान म्हणून स्वीकारतो, आणि तो विश्वाससुद्धा देवाचंच दान आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे अगदी उघड शब्दांत लिहिलं आहे. मग सत्कर्मं कशाला करायची, असं विचारणारा भेटतोच. सत्कर्मं तारणाची किंमत म्हणून करायची नसतात, तारण मिळाल्यामुळे ती आपोआप अंगात येऊ लागतात. ज्याला फुकट क्षमा मिळाली आणि जो तरीही दुसऱ्याला क्षमा करत नाही, त्याला क्षमा समजलेली नाही.

आता ज्या विषयाच्या नावानं लोक बिचकतात, तो देवाच्या निवडीचा विषय. आम्ही असं मानतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच देवानं आपल्या लोकांना ख्रिस्तात निवडलं आहे, आणि ही निवड त्यांच्या लायकीवर अवलंबून नाही. हे ऐकलं की दोन गैरसमज होतात. एक म्हणजे हे प्रारब्धच झालं, कपाळी लिहिलेलं कुणाला चुकत नाही. पण प्रारब्धाला चेहरा नसतो आणि प्रार्थना ऐकणारा कानही नसतो. शास्त्र ज्या निवडीबद्दल बोलतं ती पित्याची निवड आहे. दुसरा गैरसमज असा की मग माणूस कळसूत्री बाहुली ठरला. आमच्या विश्वासकबुलीचा (आमची शिकवण मांडणारा मुख्य दस्तऐवज, त्याबद्दल पुढे सांगतो) तिसरा अध्याय देवाच्या संकल्पाबद्दल बोलतो आणि सुरुवातीलाच बजावतो की या संकल्पामुळे देव पापाचा कर्ता ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरीही होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे गूढ आहे, आणि आम्ही ते गूढच राहू देतो.

त्याच अध्यायाच्या शेवटी एक सूचना आहे. ही शिकवण विशेष शहाणपणानं आणि जपून हाताळावी. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की अर्धवट समजलेली ही शिकवण माणसाला एक तर गर्विष्ठ करते नाही तर हताश. नवख्यानं इथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ख्रिस्ताकडे पाहावं. विश्वासात बरीच वाट चालून झाल्यावर मागे वळून पाहिलं की आपण देवाला शोधत होतो त्याच्याही आधी देव आपल्याला शोधत होता, हे कळतं. या शिकवणीचा खरा उपयोग तिथे आहे: आजारपणात, अपयशात, मृत्यूच्या दारात. माझी पकड सुटली तरी त्याची सुटणार नाही, हा तो दिलासा.

ही सगळी शिकवण ज्या कागदपत्रांत मांडली आहे ती १६४० च्या दशकातली आहेत. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं असताना संसदेनं १६४३ मध्ये धर्मपंडितांची सभा लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बोलावली. स्कॉटलंडच्या मंडळीनंही तिथे आपले प्रतिनिधी पाठवले. कित्येक वर्षं चाललेल्या त्या बैठकांतून तेहतीस अध्यायांची विश्वासकबुली आणि दोन प्रश्नोत्तऱ्या तयार झाल्या. मोठीत १९६ प्रश्न आहेत, लहानीत १०७. लहान प्रश्नोत्तरीचा पहिला प्रश्न विचारतो की माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय. उत्तर असं, की देवाचं गौरव करणं आणि सदासर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणं. कॅल्व्हिनचे अनुयायी म्हणजे कपाळाला आठ्या घातलेले लोक, असा ज्यांचा समज आहे त्यांनी त्या उत्तरातला आनंद लक्षात घ्यावा.

या विश्वासकबुलीत आणखी तीन गोष्टी आहेत आणि आमचा सगळा स्वभाव त्यांत आहे. विवेकाचा धनी फक्त देव, त्यामुळे शास्त्राविरुद्ध असलेली माणसांची आज्ञा माणसाच्या विवेकाला बांधत नाही. पृथ्वीवरच्या शुद्धातल्या शुद्ध मंडळीतही भेसळ आणि चूक असते. आणि प्रेषितांच्या काळानंतरच्या सगळ्या धर्मसभा चुकू शकतात, पुष्कळ चुकल्याही आहेत. एका धर्मसभेनं आपल्या कागदात लिहून ठेवावं की धर्मसभा चुकतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वडील, सेशन आणि त्यापुढे

कारभाराचं मूळ शास्त्रातच आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला असतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो की तू थकून जाशील आणि लोकही थकतील, तेव्हा देवाला भिणारी, लाच न घेणारी माणसं निवड आणि काम वाटून दे. नव्या करारात पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमतात. तिथे 'एक वडील' नेमले असं म्हटलेलं नाही, नेहमी अनेकांचा उल्लेख येतो. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची सुंता करावी का, हा वाद पेटतो तेव्हा तो कुणी एकटा प्रेषित सोडवत नाही. प्रेषित आणि वडील यरुशलेमेत एकत्र बसतात, बराच वाद होतो आणि मग मिळून निर्णय होतो. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय नवख्यानं जरूर वाचावा. आमच्या सभा कुठून आल्या हे त्यातून समजतं.

स्थानिक मंडळीतल्या वडिलांच्या बैठकीला सेशन म्हणतात. वडील मंडळीतलेच लोक असतात: कुणी शिक्षक, कुणी नोकरदार, कुणी घर सांभाळणाऱ्या. मंडळी त्यांना निवडते आणि प्रार्थनेनं त्यांची दीक्षा होते. पाळकही वडीलच असतात, वचन शिकवणं ही त्यांची विशेष जबाबदारी. पैशाचं, इमारतीचं आणि गरजूंच्या मदतीचं काम बऱ्याच मंडळ्यांत डीकन पाहतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जणांना निवडलं, तिथून हे पद धरतात.

शेजारपाजारच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र येऊन जी सभा बनते ती प्रेस्बिटरी. आमच्या व्यवस्थेचा कणा हाच. पाळकाची परीक्षा प्रेस्बिटरी घेते आणि दीक्षाही तीच देते. पाळकाला बोलावतं कोण, तर मंडळी. म्हणजे मंडळीनं निवडल्याशिवाय पाळक लादता येत नाही, आणि प्रेस्बिटरीनं पारखल्याशिवाय मंडळी कुणालाही उचलून पुढे उभं करू शकत नाही. त्याहून वर सिनड (मोठ्या प्रदेशाची सभा) आणि जनरल असेंब्ली (सगळ्या संप्रदायाची सभा) असतात, लहान संप्रदायांत यांतली एखादी पायरी नसतेही. जनरल असेंब्लीचा अध्यक्ष म्हणजे मॉडरेटर. स्कॉटलंडच्या मंडळीत तो एका वर्षापुरता असतो. वर्ष संपलं की दुसरा येतो.

यासाठी लोकांनी किंमत मोजली आहे, म्हणून स्कॉटलंडचा थोडा इतिहास सांगतो. जॉन नॉक्स हे फ्रेंच गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा भोगून आलेले, पुढे जिनिव्हात कॅल्व्हिनजवळ राहिलेले धर्मोपदेशक. १५५९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं सुधारित विश्वासकबुली मंजूर केली. राजांना मात्र बिशप हवे होते, कारण राजानं नेमलेला बिशप राजाचं ऐकतो. वडिलांची सभा कुणाचं ऐकेल ते सांगता येत नाही. १५९६ मध्ये अँड्र्यू मेल्व्हिल या पंडितानं सहाव्या जेम्स राजाला तोंडावर सांगितलं की स्कॉटलंडमध्ये दोन राजे आणि दोन राज्यं आहेत. एक राजा ख्रिस्त, त्याचं राज्य म्हणजे मंडळी, आणि त्या राज्यात तुम्ही राजा नाही, धनी नाही, नुसते सभासद आहात. पुढे हाच जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला, तेव्हा १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत म्हणाला की बिशप नाही तर राजाही नाही. त्याला धोका बरोबर कळला होता.

दुसरा प्रसंग १८४३ चा. ब्रिटिश संसदेनं १७१२ मध्ये एक कायदा केला होता. त्यामुळे मंडळीला पाळक कोण मिळणार हे ठरवण्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी तिथल्या जमीनदाराकडे गेला. जनरल असेंब्लीनं १८३४ मध्ये लोकांना नकाराचा अधिकार दिला, तर न्यायालयांनी तो अमान्य केला. लोकांना नको असलेले पाळक त्यांच्या माथी मारले जाऊ लागले. शेवटी १८ मे १८४३ रोजी एडिनबरोच्या असेंब्लीत निषेधाचा कागद वाचून मोठा गट उठून बाहेर पडला. एकूण बाराशेच्या आसपास पाळक होते, त्यांतल्या साडेचारशेहून अधिक जणांनी सरकारमान्य मंडळी सोडली. सोबत राहतं घर गेलं, ठरलेला पगार गेला, उपासनेची इमारत गेली. काही मंडळ्यांनी उघड्यावर उपासना केली. थॉमस चामर्स त्यांचे पहिले मॉडरेटर झाले. तो कायदा रद्द व्हायला १८७४ साल उजाडलं. आमच्या मंडळीच्या सभेत आज पाळकाच्या निवडीसाठी हात वर होतात, तेव्हा मला त्या लोकांची आठवण येते.

काळी बाजूही सांगायला हवी. १५५३ मध्ये जिनिव्हा शहराच्या कौन्सिलनं मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं. कॅल्व्हिननं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती आणि देहदंडाला त्याची संमती होती. जाळण्याऐवजी शिरच्छेद करा एवढंच तो म्हणाला. याचं समर्थन मी करत नाही आणि कुणी करू नये. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी त्या जागी या चुकीच्या कबुलीचा दगड उभारला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन लोकांनी १७८८ मध्ये विश्वासकबुलीतला सरकारला धर्माच्या बाबतीत अधिकार देणारा मजकूर बदलला. धर्मसभा चुकतात असं लिहून ठेवलं असेल, तर चूक दुरुस्त करण्याची वाटही उघडी राहते.

जगभर आज या परंपरेच्या मंडळ्या आहेत. दक्षिण कोरियात त्या फार मोठ्या आहेत, मलावीतही आहेत. वेल्सचे मिशनरी टॉमस जोन्स १८४१ मध्ये आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत पोहोचले, आणि मिझोराममध्ये आज सर्वांत मोठी मंडळी प्रेस्बिटेरियनच आहे. या सगळ्यांचं सगळ्या बाबतींत एकमत नाही. स्त्रियांना वडील आणि पाळक म्हणून दीक्षा द्यावी का, विवाहाबद्दलचे आजचे प्रश्न कसे सोडवावे, यावर संप्रदाय वेगवेगळे आहेत. स्कॉटलंडच्या मंडळीनं १९६८ मध्ये स्त्रियांसाठी पाळकपद खुलं केलं, काही संप्रदायांत ते आजही बंद आहे. तुम्ही ज्या मंडळीत जाल तिथे हे सरळ विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

रविवारची उपासना

पहिल्यांदा येणाऱ्याला उपासना शांत वाटते, कुणाला जरा कोरडीही. तिचा क्रम कळला की ती उलगडते. आधी शास्त्रातल्या वचनानं देव आपल्याला बोलावतो. मग गीत आणि स्तुती. त्यानंतर पापकबुली, आणि लगेच क्षमेचं वचन. मग शास्त्रवाचन आणि उपदेश, प्रार्थना, दानार्पण आणि शेवटी आशीर्वचन. देव बोलतो, आपण उत्तर देतो, असं ते आलटून पालटून चालतं. पापकबुली दर आठवड्याला का, असं नवखे विचारतात. पाळक, वडील, नवा माणूस, सगळे एकाच ओळीत उभे राहून 'आम्ही चुकलो' म्हणतात, ती ही जागा आहे. ती काढली तर बाकीच्या कारभाराला अर्थ उरणार नाही.

उपदेशाला बराच वेळ दिला जातो. पाळक बहुतेकदा शास्त्रातलं एखादं पुस्तक घेऊन क्रमानं पुढे जातात, त्यामुळे आवडते विषय तेवढे निवडता येत नाहीत आणि अवघड उतारे टाळताही येत नाहीत. गाण्यात स्तोत्रसंहितेला, म्हणजे शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकाला, मोठं स्थान आहे. जिनिव्हात स्तोत्रं छंदात बसवून सगळ्या मंडळीला गायला शिकवली गेली, १५६२ मध्ये दीडशेच्या दीडशे पूर्ण झाली. काही लहान संप्रदाय आजही फक्त स्तोत्रंच गातात, तीही वाद्यांशिवाय. बहुतेक ठिकाणी स्तोत्रांबरोबर इतर गीतंही असतात.

दानाची पिशवी किंवा ताट फिरतं तेव्हा पाहुण्यानं अवघडून जायचं कारण नाही. ते सभासदांचं कर्तव्य आहे. नुसतं पुढे सरकवलंत तर कुणी तुमच्याकडे पाहणार नाही.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन

आम्ही दोनच संस्कार मानतो, कारण ख्रिस्तानं स्वतः आज्ञा दिलेले दोनच आहेत. मोठेपणी विश्वास ठेवणाऱ्याला बाप्तिस्मा देतो, तसा विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या मुलांनाही देतो. बाप्टिस्ट मंडळ्यांतून आलेल्यांना हे सगळ्यात खटकतं, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: ज्या बाळाला काही कळत नाही त्याला बाप्तिस्मा कसा? आमचं उत्तर कराराचं आहे. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव अब्राहामाशी आणि त्याच्या संतानाशी करार करतो आणि त्याची खूण आठ दिवसांच्या बाळाला देतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र म्हणतो की हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. बाळाला काही कळण्याआधीच देव त्याला वचन देतो, कृपेचं स्वरूपच तसं आहे. पण या पाण्यानं आपोआप तारण होतं असं आम्ही मानत नाही. मोठं झाल्यावर मुलानं स्वतः विश्वासाची कबुली द्यायची असते, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांबरोबर सगळी मंडळी त्याला वाढवण्याचं वचन देते. छोट्या मंडळीत ते वचन पाळणं भाग पडतं, कारण ते मूल सगळ्यांना नावानं माहीत असतं.

इतर ख्रिस्ती मंडळीत त्रैक्याच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या ग्राह्य धरतात, पुन्हा देत नाहीत.

प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस बदलून शरीर व रक्त होतात असं आम्ही म्हणत नाही. ती नुसती आठवण आहे असंही म्हणत नाही. पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानं विश्वासणारे तिथे खरोखर ख्रिस्तानं पोसले जातात, ही कॅल्व्हिनची शिकवण. त्याला हे भोजन दर आठवड्याला हवं होतं, पण जिनिव्हाच्या कौन्सिलनं वर्षातून चारदाच मान्य केलं. ती सवय अनेक मंडळ्यांत टिकली. हल्ली पुष्कळ ठिकाणी दर महिन्याला असतं, काही ठिकाणी दर आठवड्याला. माझ्या मते कॅल्व्हिनचंच बरोबर होतं. बाप्तिस्मा झालेल्या, ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही बहुतेक मंडळ्या आमंत्रण देतात, मग तो दुसऱ्या मंडळीचा का असेना. विश्वासाबद्दल अजून मनाची तयारी झाली नसेल तर जागेवर शांत बसा.

छोटी मंडळी

मोठ्या मंडळीत मागच्या बाकावर बसून महिनोन्‌महिने कुणाला न कळता येजा करता येते. छोट्या मंडळीत ते जमत नाही. दोन रविवार दिसला नाहीत तर कुणीतरी विचारपूस करतं. काहींना ही पाळत वाटते. तसं वाटलं तर सांगा, लोक अंतर राखतील. पण वडिलांनी घरोघरी जाऊन भेटणं ही आमच्याकडे जुनी जबाबदारी आहे. आजारी, नोकरी गेलेला, घरात बोलणं बंद झालेला, अशा माणसाजवळ बसून प्रार्थना करणं हे त्यांचं काम आहे.

छोटेपणाचे तोटेही आहेत. तीच ती माणसं सगळी कामं करतात आणि थकतात. मुलांच्या वर्गाला कधी दोनच मुलं येतात. पगार परवडत नाही म्हणून पाळकांची जागा दीर्घकाळ रिकामी राहते. अशा वेळी वरच्या सभेचा उपयोग कळतो. प्रेस्बिटरी शेजारच्या पाळकाला सेशनचा तात्पुरता मॉडरेटर नेमते, उपदेशाला माणसं पाठवते, शक्य असेल तर पैशाचीही मदत करते. दरम्यान वडील उपासना चालवतात आणि मंडळी बंद पडत नाही. एका प्रभावी माणसाभोवती उभी राहिलेली मंडळी तो माणूस गेल्यावर विखुरते. आमच्याकडे पाळक गेले तर दुःख होतं, पण पुढच्या रविवारी उपासना असतेच.

निर्णय मात्र सावकाश होतात, हे आधीच सांगून ठेवतो. एखादी चांगली कल्पना घेऊन आलात तर ती सेशनपुढे जाईल, पुढच्या बैठकीपर्यंत थांबेल, कदाचित प्रेस्बिटरीकडेही जाईल. उत्साही माणसाची यात चिडचिड होते. ती मी समजू शकतो, तरीही घाईनं एकानं घेतलेल्या निर्णयापेक्षा मला हे परवडतं.

सभासद व्हायचं असेल तर

घाई कुणी करणार नाही. वर्षभर नुसते येत राहिलात तरी चालेल. सभासद व्हावंसं वाटलं की पाळकांना किंवा एखाद्या वडिलांना सांगा. काही आठवडे शिकवणीचे वर्ग होतील आणि मग सेशनबरोबर भेट होईल. ती भेट परीक्षेसारखी नसते. तुम्ही ख्रिस्ताकडे कसे आलात हे ते ऐकतात. साधारणपणे हे विचारलं जातं: आपण पापी आहोत हे तुम्हाला मान्य आहे का, तारणासाठी तुम्ही फक्त ख्रिस्तावर भरवसा ठेवता का, त्याच्या मागे चालण्याचा प्रयत्न कराल का, आणि मंडळीच्या उपासनेत, कामात, शिस्तीत सहभागी व्हाल का. निवडीची शिकवण पटली पाहिजे, तान्ह्यांचा बाप्तिस्मा पटला पाहिजे, अशी अट सभासदाला बहुतेक मंडळ्यांत नसते. विश्वासकबुलीशी बांधील राहण्याचं वचन पाळक, वडील आणि डीकन देतात. शंका असलेले कितीतरी लोक आमच्यात वर्षानुवर्षं आहेत आणि ते मनापासून आमचे आहेत.

शिस्तीत सहभागी होणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. कुणाचं चुकलं तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम लागतो: आधी एकट्यानं एकट्याला भेटून बोलायचं, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि त्यानंतरच प्रकरण सेशनपुढे. हेतू माणसाला परत आणण्याचा असतो. आणि हा नियम दोन्हीकडून लागतो. पाळकांबद्दल तक्रार असेल तर ती प्रेस्बिटरीकडे जाते, कारण पाळक तिला जबाबदार असतात. सेशननं तुमच्यावर अन्याय केला असं वाटलं तर तुम्ही लेखी अपील करू शकता. ते वरच्या सभेला ऐकावंच लागतं, मग अपील करणारा कालच सभासद झालेला का असेना. गुन्ह्याची बाब असेल, विशेषतः मुलांच्या सुरक्षिततेची, तर ती आधी पोलिसांकडे जायला हवी. मंडळीची कुठलीही सभा त्याची जागा घेऊ शकत नाही.

सभासद झाल्यावर मंडळीच्या वार्षिक सभेत तुम्हाला मत असतं. त्या सभेत वर्षाचा जमाखर्च मांडला जातो, तो वाचा आणि न समजलेल्या रकमेबद्दल उभं राहून विचारा. नवे वडील निवडायचे असतील तर नावं सुचवा. काही वर्षांनी कुणीतरी तुमचंही नाव सुचवेल.